चित्रसंचयमीमांसा: चित्रे ढगात ठेवण्याचे शास्त्र, जवाहरनगर संप्रदायानुसार

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाने आरंभीच चार गोष्टी सांगून मोकळे व्हावे, असा जुना दंडक आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत ग्रंथ लहान आहे, पण दंडक मोडण्याइतका लहान नाही.

विषय असा की, घरात कोणीतरी काढलेल्या चित्राची अंकीय नक्कल करावी आणि ती इंटरनेटवरच्या साठ्यात नेऊन ठेवावी. प्रयोजन असे की, मूळ चित्र भिजले, वाळवीने खाल्ले किंवा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेले, तरी ते पुन्हा पाहता यावे. संबंध असा की, चित्र हे बिंब आणि नक्कल हे प्रतिबिंब. फरक एवढाच की या प्रतिबिंबात पंख्याची सावली आणि फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याचे टोकही असते. राहिला अधिकारी, म्हणजे हे शास्त्र शिकण्यास पात्र कोण? ज्याच्या फोनवर ‘स्टोरेज भरले आहे’ ही सूचना आली, ज्याने ती बोटाने बाजूला सारली आणि पुन्हा आल्यावर पुन्हा सारली, तो. हा निकष लावला तर अनधिकारी मनुष्य सापडणे कठीण.

२. स्थळनिर्णय

हे शास्त्र जवाहरनगरात का रचावे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात का नाही, असा आक्षेप पहिल्याच पानावर येईल. उत्तर सोपे आहे. जे. जे.मध्ये चित्र काढायला शिकवतात. ठेवायला शिकायचे, तर जेथे ठेवणे हाच धंदा आहे तेथे जावे.

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ठाणा पेट्रोलपंपाच्या आसपास जवाहरनगर लागते. १९६४ साली येथे आयुध निर्माणी आली आणि तिच्याबरोबर क्वार्टरांची वसाहत आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, तेव्हा ही निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. येथे स्फोटके आणि प्रणोदके तयार होतात. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ हे येथे सरकारी पदाचे नाव आहे, सिनेमाचे नव्हे. स्फोटकांच्या कारखान्यात कोणत्या इमारतीत किती माल ठेवायचा, दोन इमारतींत किती अंतर सोडायचे, मध्ये मातीचा बांध कोठे घालायचा, हे मालाच्या वजनावरून नियमाने ठरते. एका जागी काही झाले तर दुसरी जागा शिल्लक राहावी, हे त्यामागचे सूत्र. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हापासून येथे ‘अंतर’ या विषयावर कोणी विनोद करत नाही, आणि या ग्रंथातही तो होणार नाही. सूत्र तेवढे उचलले आहे.

दुसरे कारण कागदोपत्री आहे. सरकारी वसाहतीत अर्ज तीन प्रतींत असतो: एक वर जाते, एक फाइलला लागते आणि एक शिक्का मारून आपल्याकडे परत येते. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात नियम सांगितला, तो जगभर ‘तीन-दोन-एक’ म्हणून गाजला: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी. क्रोग यांचा मान ठेवूनही नमूद केले पाहिजे की यातील ‘तीन’चा शोध कार्बन पेपर लावणाऱ्या कारकुनाने लावला होता आणि ‘एक दुसऱ्या गावी’चा शोध बारुदखाना बांधणाऱ्या अभियंत्याने. ‘दोन’ तेवढा क्रोग यांचा.

तिसरे कारण क्वार्टर हेच आहे. क्वार्टर कधी ना कधी सोडावे लागते. बदली होते, निवृत्ती येते, वरच्या टाइपचे क्वार्टर मिळते. प्रत्येक वेळी पेटी, पलंग, कूलर आणि तुळस टेम्पोत चढतात. चित्रांची सुरळी मात्र ‘नंतर घेऊ’ म्हणून माळ्यावर राहते. ज्या समाजात घर बदलणे अटळ असते, तेथेच साठवणुकीचे तत्त्वज्ञान जन्मते.

३. परिमाणविचार

चित्र ढगात मावते किती, हा प्रश्न भावनेने सोडवू नये. शाळेत वापरतात तो पाव इम्पीरियल कागद ११ × १५ इंचांचा. तो इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने स्कॅन केला, तर ३,३०० × ४,५०० म्हणजे १,४८,५०,००० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बाइट. एकूण ४,४५,५०,००० बाइट, म्हणजे एक चित्र सुमारे साडेचव्वेचाळीस एमबीचे. १.४४ एमबीची फ्लॉपी जिवंत असती, तर वांगे आणि तांब्याच्या एका वस्तुचित्राला ३१ फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि त्यांतली सतरावी उघडली नसती.

गूगलचे खाते १५ जीबी जागा फुकट देते. भागाकार केला तर अजिबात न दाबता, एकही रंग न गमावता ३३६ चित्रे त्यात बसतात. आठवड्याला एक चित्र धरले, तर पाचवीत ब्रश हाती घेतलेले मूल दहावीची परीक्षा देऊन होईपर्यंतचे सारे कर्तृत्व त्या फुकट जागेत मावते आणि वर दोन डझन कागद उरतात.

मग जागा संपते कशाने? हा या शास्त्रातील पहिला गहन प्रश्न. त्या १५ जीबींत जीमेल आणि फोटोही राहतात, आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. २०१५ मध्ये गूगल फोटोजने अमर्याद जागा फुकट देऊ केली, तेव्हा लोकांनी अमर्याद फोटो काढले. १ जून २०२१ पासून मर्यादा आली, पण सवय अमर्यादच राहिली. उत्खनन केल्यास एका सामान्य क्वार्टरच्या साठ्यात पुढील थर आढळतात. सर्वांत वर गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’. त्याखाली एकाच लग्नातील एकाच पंगतीचे अनेक फोटो, सर्वांत कोणी ना कोणी डोळे मिटलेले. त्याखाली खिशात असताना आपोआप निघालेला अंधाराचा व्हिडिओ. त्याखाली गॅस सिलिंडरची पावती. तळाशी, कधी कधी, चित्र. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. तेथे निदान वरच्या थरात गुलाब नव्हते.

४. पूर्वसूरी

नक्कल करून ठेवण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग अजिंठ्याला झाला, आणि त्याचा निकाल अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे.

भिंतीवरची चित्रे झडत चालली आहेत, तेव्हा त्यांच्या नकला काढून सुरक्षित ठेवाव्यात, म्हणून मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये तेथे नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच वाचल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. त्या नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि त्यांतील कितीतरी जळाल्या. पुढे जपानहून अराई काम्पो आले, १९१७-१८ मध्ये त्यांनी नकला नेल्या. त्या १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या.

म्हणजे सुरक्षित ठेवायला नेलेल्या नकला तीन वेळा नष्ट झाल्या, आणि असुरक्षित म्हणून ज्याच्या नकला काढल्या ते मूळ वाघुरेच्या काठी, वटवाघळांच्या संगतीत, अजून उभे आहे. यावरून एखादा उतावळा पंडित ‘नक्कल करूच नये’ असा निष्कर्ष काढील. पण त्याच कथेची दुसरी बाजू पाहावी. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंड छापले. लेडी हेरिंगहॅम यांच्यासाठी नंदलाल बोस आदींनी काढलेल्या नकला १९१५ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. हैदराबाद संस्थानच्या गुलाम याझदानी यांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात आले. हे सगळे आजही ग्रंथालयांत आहेत. दालनात ठेवलेले जळले आणि लोकांच्या हाती गेलेले राहिले. दालन साम्राज्याच्या राजधानीत होते, देखरेखीला माणसे होती. त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

हाच न्याय राजा रविवर्म्यांच्या छापखान्याला लागू पडतो. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि १९७२ मध्ये आगीत सापडला. पण तोवर लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देवघरांत, दुकानांच्या गल्ल्यांमागे आणि कॅलेंडरांवर पोहोचल्या होत्या. एवढ्या प्रतींची आग एका रात्रीत लावता येत नाही.

नव्या युगाने हा धडा नव्याने, आणि महागात, गिरवला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे माहिती केंद्र जळाले. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी केंद्राला बॅटऱ्यांपासून आग लागली आणि सरकारी नोकरांचा ‘जी-ड्राइव्ह’ हा ८५८ टेराबाइटचा साठा भस्म झाला. त्याची बाहेर नक्कल नव्हती. साठा फार मोठा असल्याने ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. ही सबब ऐकून जवाहरनगरातला कोणताही सुरक्षा-पर्यवेक्षक चहाचा कप खाली ठेवील. माल जितका जास्त तितके अंतर जास्त, हे येथे नव्या भरती झालेल्याला पहिल्या आठवड्यात सांगतात.

येथून प्रथम सूत्र निघते: एका छपराखालच्या शंभर प्रती ही एकच प्रत होय.

५. नक्कलकारांचे पंथ

वसाहतीत पाच पंथ आढळतात.

पहिला छायापंथ. हा चित्र पलंगावर ठेवतो, ट्यूबलाइट लावतो, त्यावर वाकतो आणि स्वतःच्या डोक्याच्या सावलीसह फोटो काढतो. याच्या संग्रहातील प्रत्येक निसर्गचित्रात डोंगराच्या वर एक गोल काळोख असतो. समीक्षक त्याला खग्रास ग्रहण समजतात.

दुसरा श्वेतपंथ. हा कागदपत्रे स्कॅन करणारे ॲप चित्रालाही लावतो. असे ॲप पावतीसाठी घडवलेले असते. फिकट ते सारे त्याला मळ वाटते आणि मळ काढणे हा त्याचा धर्म. परिणामी जलरंगातले पहाटेचे आकाश पांढरे स्वच्छ होते आणि फक्त खांबावरच्या तारा उरतात. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनरही होते. या बंदीने जलरंगाचे किती आकाश वाचले, याकडे संरक्षणतज्ज्ञांनी अद्याप लक्ष दिलेले नाही.

तिसरा प्रेषणपंथ. याच्या मते चित्र कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवले की ते जतन झाले. पाठवताना चित्र दाबले जाते, पुढच्याने पुढे पाठवले की पुन्हा हाताळले जाते, आणि कोणी मध्येच स्क्रीनशॉट काढला की वर घड्याळ, बॅटरी आणि दोन मिस्ड कॉलही चित्रात सामील होतात. जेपेगची रीत अशी की चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून प्रत्येकातला बारकावा छाटायचा. फार छाटले की चौकोनच दिसू लागतात. या पंथाची दीक्षा-चर्चा पुढीलप्रमाणे होते:

“बाबू, तुह्या चित्राचा फोटो मावशीले पाठवला न मी.”

“आई, डॉक्युमेंट करून पाठवला का फोटोच पाठवला?”

“मोबाइलनं पाठवला.”

या उत्तराचे खंडन आजवर कोणत्याही तर्कशास्त्राला जमलेले नाही.

चौथा पेनड्राइव्हपंथ. हा साधनशुचिता मानणारा पंथ आहे. इंटरनेटवर विश्वास नाही, प्लास्टिकवर आहे. पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात, हळदीकुंकवाच्या पुड्यांशेजारी असतो. त्यावर कधीकाळी गणपतीच्या मंडळाची गाणी भरून घेण्यात आली, हे पंथीयास ठाऊक नसते.

पाचवा मेघपंथ. हा खरा साधक. हा स्कॅनरवर चित्र ठेवतो, फाइल ढगात चढवतो, चढली की निश्चिंत होतो आणि पुन्हा कधी पाहत नाही. याच्याविषयी सातव्या प्रकरणात.

६. नामकरणसंस्कार

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि भांड्यावर नाव घालण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. लग्नात मिळालेल्या पातेल्यावर कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त आणि कोणत्या तारखेला, हे सारे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते. पन्नास वर्षांनी देणारा नाही, घेणारा नाही, पण पातेले उलटे केले की पूर्ण माहिती मिळते. शास्त्रीय दृष्ट्या पातेले ही फाइल आणि ते कोरीव काम ही तिची नोंद. नोंद मालापासून सुटी होऊ शकत नाही, हा या पद्धतीचा गुण.

याउलट त्याच घरातील चित्रांची नावे पाहावीत: ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे, ‘नवीन’, ‘नवीन-१’, ‘फायनल’, ‘फायनल-खरं’, ‘फायनल-खरं-सरांना-दिलेलं’. या क्रमात सर्वांत अलीकडचे चित्र कोणते, याचा निर्णय करण्यास स्वतंत्र न्यायपीठ लागेल. जे घर वाटीवर नाव घातल्याशिवाय ती शेजारी देत नाही, ते घर मुलाच्या पहिल्या जलरंगाला ‘अनटायटल्ड’ म्हणून ढगात सोडते. द्वितीय सूत्र: नाव नसलेली प्रत असून नसल्यासारखी. नाव, वय, गाव, तारीख, एवढे चार शब्द पुरेत. ‘यांजकडून सप्रेम भेट’ ऐच्छिक.

येथेच एक सामाजिक विसंगती नोंदवली पाहिजे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा वसाहतीतली मुले हौसेने देतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीला सात गुण जादा मिळतात, ब ला पाच, क ला तीन. मग त्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स निघतात, त्या साक्षांकित होतात, एक प्रत शाळेत, एक कपाटात, एक मामाकडे. सरकारने २०१५ मध्ये कागदपत्रांसाठी डिजिलॉकरही काढून दिले. ज्या हाताने ती श्रेणी मिळवली त्याच्या स्थिरचित्राची मात्र एकही प्रत नसते. परीक्षेचा कागद परीक्षकांकडेच राहतो आणि सरावाचे कागद मिरच्या वाळवायला जातात. चित्र काढता येते याचा पुरावा त्रिप्रत आणि चित्र शून्य प्रत, अशी ही व्यवस्था आहे.

७. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

पूर्वपक्ष म्हणतो: हे सारे व्यर्थ आहे. दारातली रांगोळी पाहा. सकाळी काढली, दुपारी सायकल गेली, संध्याकाळी पुसली. कोणी बॅकअप ठेवला नाही, तरी रांगोळी पिढ्यान्‌पिढ्या आहे. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटक चालते, सकाळी मांडव रिकामा. तरी पुढल्या वर्षी पुन्हा तेच जोमात. कला ठेवण्याची वस्तूच नव्हे.

उत्तरपक्ष: रांगोळीचा बॅकअप नाही, हे चूक. ठिपक्यांच्या रांगोळीचा बॅकअप ‘पंधरा ते आठ’ असा तीन शब्दांचा असतो. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, दोन्हीकडे एकेक कमी करत आठपर्यंत या. पुढचा आकार बोटांना माहीत असतो. साडेचव्वेचाळीस एमबीचे काम तीन शब्दांत दाबणारी पद्धत अजून कोणत्याही कंपनीला साधलेली नाही. आणि तिचे साठवण-केंद्र कोठे? वहिनीच्या डोक्यात, तिच्या जावेच्या डोक्यात, आणि लग्न होऊन तुमसरला गेलेल्या नणंदेच्या डोक्यात. प्रती तीन, एक दुसऱ्या गावी. शिवाय ही प्रत रोज सकाळी उघडून पाहिली जाते. एखादा ठिपका चुकला तर त्याच दिवशी कळतो.

मेघपंथीयाचे दुखणे नेमके येथे आहे. त्याची प्रत चढते, पण उतरत नाही. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठ्याची ग्वाही अशी आहे की एक कोटी फाइली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांत एक हरवेल. ग्वाही खरी मानू. पण त्या फाइलीकडे नेणारा पासवर्ड डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला असतो, डायरी गतवर्षीची असते, आणि ओटीपी जातो तो क्वार्टर सोडताना बंद केलेल्या सिमकार्डावर. यंत्राची स्मृती दहा हजार वर्षे, मालकाची सहा महिने. साखळीची ताकद कोणती धरायची, हे वाचकाने ठरवावे. त्यातच दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ पासून अवलंबले आहे. म्हणजे जपून ठेवले आणि पाहिलेच नाही, तर जपून ठेवणाराच ते पुसतो.

वारसाचा प्रश्नही याच प्रकरणातला. सरकारी नोकर भविष्य निर्वाह निधीच्या फॉर्मवर वारसाचे नाव पहिल्या महिन्यात भरतो. न भरला तर आस्थापना विभाग बोलावून भरून घेतो. गूगलने २०१३ पासून अशीच सोय ठेवली आहे: खाते इतके महिने निष्क्रिय राहिले तर ते अमुक व्यक्तीच्या हाती द्यावे. ही सोय भरलेला मनुष्य शोधणे हे स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे. निधीतील रुपयांना वारस असतो, ढगातल्या तीनशे चित्रांना नसतो.

तृतीय सूत्र म्हणून असे मांडतो: न उघडलेली प्रत ही प्रत नसून आशा होय.

८. सिद्धान्त

आता तिन्ही सूत्रे एकत्र करून पाहू. पहिले म्हणते, प्रती दूर ठेवा. दुसरे म्हणते, नाव घाला. तिसरे म्हणते, उघडून पाहा. वरवर ही तीन वेगळी कामे दिसतात. पण अजिंठ्याची पुस्तके, रविवर्म्यांची लक्ष्मी आणि पंधरा ते आठची रांगोळी यांच्याकडे नीट पाहिले तर कळते की तेथे कोणीही ही तीन कामे यादी करून केली नव्हती. त्या चित्रांना मागणारे लोक होते, एवढेच. वाचकाने पुस्तक मागितले म्हणून ते दूर गेले. भक्ताने लक्ष्मी मागितली म्हणून ती घरोघर गेली, आणि मागताना तिचे नाव घेऊनच मागितली. सणाला रांगोळी हवी म्हणून वहिनीची प्रत रोज उघडली गेली. मागणारा असला की अंतर, नाव आणि तपासणी आपोआप होतात. तो नसला की ८५८ टेराबाइटसुद्धा केवळ वजन ठरतात.

म्हणून आमचा सिद्धान्त: चित्राची खरी दुसरी प्रत म्हणजे ते पुन्हा पाहू इच्छिणारे माणूस. ढग हे त्या माणसाकडे जाण्याचे एक वाहन आहे. एसटीसारखे उपयोगी, आणि एसटीसारखेच, आपण स्टँडवर गेलो तरच उपयोगी.

९. व्रतविधी

केवळ सिद्धान्ताने पोट भरत नाही, म्हणून विधी देतो. काल: १८ मार्च हा आयुध निर्माणी दिन आणि ३१ मार्च हा २०११ पासून पाळला जाणारा जागतिक बॅकअप दिन, या दोहोंच्या दरम्यानचा कोणताही रविवार. प्रत्यक्ष ३१ मार्च धरू नये; त्या दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि सरकारी वसाहतीत त्या दिवशी फक्त बिलांचा बॅकअप होतो.

विधी: खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, अशा जागी चित्र सपाट ठेवावे. पंखा आणि ट्यूबलाइट बंद करावी. मार्चमध्ये भंडाऱ्यात पंखा बंद करणे हेच तप होय. स्कॅनर असल्यास ३०० बिंदूंना स्कॅन करावे. नसल्यास फोन चित्राशी समांतर धरून फोटो घ्यावा, अंगठा आवरावा. फाइलीला चार शब्दांचे नाव घालावे. एक प्रत ढगात, एक हार्ड डिस्कवर, आणि मूळ कागद सपाट, नॅप्थलीनच्या गोळ्यांसह, माळ्यावर नव्हे तर कपाटात. वैनगंगेला ऑगस्ट २०२० सारखा पूर आला तर हार्ड डिस्क आणि कपाट एकाच पाण्यात जातील, म्हणून ढगातील प्रत अनिवार्य. ढग कधी रुसेल याचा नेम नाही, म्हणून डिस्क अनिवार्य. शेवटी गेल्या वर्षीची एक फाइल डोळे मिटून निवडावी आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून दाखवावी. ती उघडली तर व्रत पूर्ण. ‘ॲक्सेस मागा’ असे आले तर व्रत पुन्हा.

फलश्रुती: जो हा विधी करील त्याच्या फोनवर ‘स्टोरेज भरले आहे’ ही सूचना तरीही येईल, पण ती कशाने भरले हे त्याला ठाऊक असेल. ज्याला एवढाही वेळ नाही, त्याने घरात एकच प्रश्न विचारावा: कोणते चित्र पुन्हा पाहायचे आहे? जे नाव निघेल तेवढ्या एकाच्या तीन प्रती कराव्यात. उरलेल्या तीनशे पस्तिसांसाठी पंधरा जीबी आहेतच. फक्त आधी गुलाब काढावेत.